प्रभुभोजनाची पोळी

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला मोडायचा पाव घराघरांतून पाळीपाळीने यायचा. एकाहत्तरच्या मार्चमध्ये माझी पाळी आली. शनिवारी मी सदर बाजारातल्या बेकरीत जाऊन अख्खा पाव आणला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि सात वर्षांच्या लेकीला, एस्तेरला बजावलं, "बोट लावशील तं हात मोडीन."

रविवारी सकाळी नळावरून पाणी घेऊन आले, तर फळीवर नुसतं फडकं. धाकटा योना, दोन वर्षांचा, जमिनीवर बसून पावाची कड चघळत होता. शेजारी एस्तेर. माझा राग म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, एक पंप मारला की भडकलाच. मी काही विचारलं नाही. सरळ तिच्या गालावर दिली ठेवून.

"मी नाही घेतला वं आई," ती म्हणाली.

"वरून खोटं बोलून राहिली!" म्हणत मी आणखी एक दिली.

आवाजाने तिचे बाबा आतून उठून आले. रुपराव मालगाडीवर गार्ड होते, पहाटेच ड्यूटीवरून आले होते. "तिले काहून मारून राहिली? चहासंग पाव मीच खाल्ला. योनाले तुकडाही मीच देल्ला. मले काय माहीत तो चर्चचा होता!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! कळलं मला. पण आईने लेकराची माफी मागायची, हे आमच्या घराण्यात कोणी केलेलं नव्हतं. रविवारची बेकरी बंद, चर्चची घंटा होत आलेली. मी कणीक मळायला घेतली. एस्तेर न सांगता जवळ आली आणि पोळपाटावर पिठी भुरभुरू लागली. तिचा गाल लाल होता. मी तव्याकडेच बघत राहिले.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पोळी हातात घेतली आणि हसले. "गव्हाचीच आहे ना? मग झालं."

मोडण्याआधी मात्र ते दरवेळचंच बोलले, "कोणाशी बिनसलं असेल तर आधी समेट करा, मग मेजाजवळ या." हे ऐकताना मला नेहमी शेजारणी आठवायच्या, नळावरची भांडणं आठवायची. आज जिच्याशी समेट करायचा ती माझ्याच मांडीला टेकून बसली होती. मला फार लाज वाटली.

आमच्या बाकाची पाळी आली. रुपराव तुकडा घ्यायला मेजाजवळ गेले. मी योनाला घेऊन बसूनच राहिले.

"आई, तू काहून नाही जाऊन राहिली?" एस्तेर कुजबुजली.

मी तिच्या कानाशी वाकले. "तुले उगीच मारलं म्या. चुकलं माझं. तू माफ केल्याबिगर मले तिथं जाता येत नाही, बाई."

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी शिळीच बातमी सांगत होते. "मी तं पोळ्या करतानीच केलं." मग मान उंच करून पुढे पाहिलं, योनाला आपल्या मांडीवर ओढलं आणि मला कोपराने ढकललं. "जा ना लवकर. पोळी संपून जाईन."

मी गेले. हातावर एवढासा तुकडा आला. तिने लावलेली पिठी अजून त्याला होती.