कोरडा गोलकीपर

शाळेच्या वॉटर पोलो संघाचा गोलकीपर होता बगळा. हात लांब, मान लांब; मुलांनी पहिल्याच आठवड्यात हे नाव चिकटवलं आणि त्यानंही ते मिरवलं. पाण्यातून कमरेपर्यंत उसळून चेंडू अडवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी एकदा सरावाला त्यानं कान झाकणाऱ्या टोपीचे बंद बांधायचा कंटाळा केला. टोपी सरकली आणि चेंडू थेट उजव्या कानावर बसला. पडदा फाटला.

"वर्षभर पाण्याचं नाव काढायचं नाही," कानाचे डॉक्टर म्हणाले.

"पण शाळेतलं हे शेवटचंच वर्ष आहे माझं."

"कान आयुष्यभर लागणार आहे, बाळा."

तरी शाळा सुटली की त्याचे पाय तलावाकडेच वळायचे. बाकावर बसून तो पाण्याकडे टक लावून बघायचा. "तुझ्या केसांचा तो क्लोरीनचा वास गेला एकदाचा," असं आई सहज बोलून गेली, तेव्हा त्याला जेवण गेलं नाही.

त्याच्या जागी एक वर्ष मागचा ठोंब्या आला. चेंडू आला की हा डोळेच मिटायचा. गोल झाला की बगळ्याला आतून बरं वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. एक दिवस ठोंब्या निथळत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, कुठं मारणार हे तुला आधीच कसं कळायचं रे?"

चालता हो, असं बगळ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, "चेंडूकडे बघूच नकोस. खांद्याकडे बघ." आणि बूट काढून, काठावर उभा राहून त्यानं स्वतःच चेंडू मारायला सुरुवात केली. मग ते रोजचंच झालं.

अंतिम सामन्यात शाळा एका गोलनं पुढं होती आणि शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना पेनल्टी मिळाली. बाकावरून बगळा मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघत होता. ठोंब्यानं डोळे मिटले नाहीत. त्यानं डावीकडे झेप घेतली, चेंडू मनगटावर आदळून बाहेर गेला.

मग काय, एकच गोंधळ! मुलांनी खेळाच्या सरांना शिट्टीसकट पाण्यात ढकललं. कप्तान हात पसरून बगळ्याकडे धावत आला. बगळा पाठ पाण्याकडे करून उभाच होता, ढकलून घ्यायला. पण दोन पावलांवर कप्तान थबकला.

"अरे हो... तुझा कान."

त्यानं ओला हात पुढं केला. बगळ्यानं तो हातात घेतला, हसला, आणि बराच वेळ सोडला नाही.

कान बरा झाला तेव्हा शाळा संपून दोन महिने झाले होते. तो आता सार्वजनिक तलावावर जातो. पोहणं तेच आहे, दमही टिकून आहे. पण मागून कुणी "अरे, इकडे दे!" असं ओरडलं की तो गर्रकन वळतो, आणि हाक दुसऱ्याच कुणाला असते.