हौसेरावांचा लाल दिवा

शर्मिलानं डार्करूमचा काळा पडदा बाजूला सारला आणि ती जागच्या जागी थबकली. आत लाल बल्ब जळत होता. त्या उजेडात हौसेराव काचेच्या पट्टीवर निळं द्रावण ओतत होते, एक थेंबही इकडेतिकडे न सांडता.

“काका, हा दिवा रोज लावता?”

“मग? डार्करूममंदी दुसरा कोनता लावनार, मॅडम?”

महाप्याच्या या प्रयोगशाळेत ती लेझरनं माहिती साठवायची फिल्म बनवत होती. नखाएवढ्या तुकड्यात अख्खं ग्रंथालय मावावं, असा तो खटाटोप. फिल्ममधला निळा रंग लाल लेझरलाच जागा व्हायचा. म्हणजे लाल बल्बही त्याला पुरेसा होता! तीन महिने प्रत्येक फिल्म लेझरखाली जायच्या आधीच इथे वाया जात होती, आणि ही बया मात्र फिल्ममध्ये मिसळलेल्या नॅनोकणांना दोष देत बसली होती. जस्ताचे घाल, चांदीचे घाल, वाढव, कमी कर. घरी पोरीशी धड बोलायचंही त्राण उरत नव्हतं. गेलं सगळं पाण्यात.

पट्ट्या काळ्या कागदात गुंडाळून बाहेर यायच्या. आत डोकावायला तिला कधी फुरसतच झाली नव्हती. हौसेराव आले तेही तीन महिन्यांपूर्वीच. त्यांचा दिघ्यातला फोटो स्टुडिओ बंद पडला होता. अंधारात हात चालणारा माणूस म्हणून शर्मिलानंच त्यांना ठेवून घेतलं.

“या फिल्मला लालच उजेड बाधतो, काका. हिरवा लावायला हवा होता.”

हौसेरावांनी हातातलं भांडं हळूच टेबलावर टेकवलं.

“पन पैल्या दिवशी तुमीच म्हनालात, फोटोचा कागद समजा म्हनून. त्याला लाल उजेड चालतोय की.”

म्हणाली होती खरी. घाईघाईत, एवढं एकच वाक्य.

तेवढ्यात संचालक श्यामसुंदरसरांचा फोन आला. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते आज ठरवणार होते. हातात मोजे होते, म्हणून तिनं स्पीकर लावला.

“कारण सापडलं, सर. नॅनोकणांचा दोष नाही. फिल्मला आधीच उजेड लागत होता.”

“चूक कोणाची? तुमचीच असेल तर आजच बंद करू. तीन महिने काय झोपा काढल्यात?”

हौसेराव फोनकडे वाकले.

“माजी, साहेब. मॅडमनी सांगितलं व्हतं. मीच इसरलो.”

“मग त्यांना म्हणावं उद्यापासून येऊ नका. तुम्हाला आणखी दोन महिने देतो, शर्मिला.”

फोन बंद झाला. शर्मिलाला लाज वाटली. पण त्याआधी हायसं वाटलं होतं, हे तिला स्वतःपाशीही नाकारता येईना.

“माजं काय, वय झालं आता,” म्हणत हौसेरावांनी अॅप्रन काढला आणि नीट घडी घालायला घेतली. “तुमचं काम ऱ्हायला नगं.”

तिनं मोजे ओढून काढले आणि पुन्हा नंबर लावला.

“कशाला, मॅडम?” ते दबक्या आवाजात म्हणाले. “मिळालं ना आता दोन म्हैनं?”

पलीकडून ‘हॅलो’ आलं.

“सर, काका खोटं बोलले,” शर्मिला म्हणाली. “आणि मी गप्प बसले.”