माझ्या काठावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे. स्टीलची, खोलगट, लहान मुलाच्या मापाची. माझ्या काठावर एक नाव आहे आणि त्यातलं अर्धं खोडलेलं आहे. घरी येणारा पाहुणा आधी ती खाडाखोड बघतो, मग बाकीची भांडी बघतो. म्हणून म्हटलं, कुणी विचारण्याआधी आपणच सांगून टाकावं.

श्रीधर आणि दमयंती सेलूकर या नवराबायकोनं मला गुलमंडीतल्या एका भांड्यांच्या दुकानातून घेतलं. त्यांच्या लग्नाला तेव्हा तीनच महिने झाले होते. चार मोठी ताटं घेतली आणि मी एक लहान. आपल्याकडे नवं भांडं नाव घातल्याशिवाय घरी नेत नाहीत. मोठ्या ताटांवर 'सौ. दमयंती श्रीधर सेलूकर' असं उमटलं. माझी पाळी आली तेव्हा दमयंतीबाई लाजल्या आणि म्हणाल्या, "ही राहू द्या कोरी. हिच्यावर नाव नंतर घालू."

ते नंतर सोळा वर्षं आलंच नाही.

गारखेड्यातल्या त्यांच्या घरात प्रत्येक भांड्याला नाव होतं. आहेरात आलेल्या तांब्यावर तर देणाऱ्या आत्याबाईंचंही नाव होतं, आणि तो तांब्या त्याचा फार तोरा मिरवायचा. मी मात्र दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून पडून असायचे. जेवणाच्या ताटलीला झाकण व्हावं लागलं की काय वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

मग एक दिवस घरी संध्याताई आल्या. त्या एका बालकल्याण संस्थेत काम करतात. ज्या मुलांना काही कारणानं आईवडिलांजवळ राहता येत नाही, त्यांच्यासाठी सांभाळणारं घर शोधणं हे त्यांचं काम. त्या तीन वेळा आल्या. कागदपत्रं बघितली, स्वयंपाकघर बघितलं, शेजाऱ्यांशी बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "हे दत्तक नाही बरं का. लेकरू तुमच्याकडे येईल आणि एक दिवस परत जाईल. जमेल?"

"जमेल," दमयंतीबाई इतक्या पटकन म्हणाल्या, की संध्याताईंनी तेच पुन्हा विचारलं.

अशी अपेक्षा नावाची मुलगी आमच्या घरी आली. सहा वर्षांची, मुकुंदवाडीची. तिचे वडील कडुबा सेंट्रिंगच्या कामावर होते, ते इमारतीवरून पडून गेले. पुढं आई सरूबाईंना टीबीनं गाठलं. त्यांचा दवाखाना लांबला आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी अपेक्षा मला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवली. अर्धी भाकरी तिनं फ्रॉकच्या खिशात कोंबली. "आईला," एवढंच म्हणाली. दमयंतीबाईंनी ती भाकरी काढून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना खिशातला चुरा हातात घेऊन त्या कितीतरी वेळ मोरीत बसून राहिल्या.

अपेक्षाची एक सवय होती. जेवता जेवता ती मध्येच म्हणायची, "अपेक्षा कडुबा गायके, मुकुंदवाडी." तिच्या वडिलांनी तिला ते शिकवलं होतं. बाजारात हरवलीस, तर रडायचं नाही, एवढं सांगायचं. कडुबा गेले तरी पोरगी ते रोज घोकत होती. मला तिचा एकेक घास त्या नावासकट पाठ झाला होता.

तिसऱ्या महिन्यात एकदा शाळेतून आल्या आल्या अपेक्षा दमयंतीबाईंच्या गळ्यातच पडली. दमयंतीबाई हरखून गेल्या. दुसऱ्याच दिवशी मला पिशवीत घालून गुलमंडीला गेल्या. मशीन गुरगुरलं आणि माझ्या काठावर नाव उमटलं, 'कु. अपेक्षा श्रीधर सेलूकर'.

खरं सांगते, मला त्यात काही चूक दिसली नाही. सोळा वर्षं कोरी राहिलेली मी! त्या तांब्याच्या नाकावर टिच्चून मांडणीत पहिल्या रांगेत बसले.

अपेक्षा तेव्हा नुकतीच वाचायला लागली होती. बोट ठेवून तिनं वाचलं. आपलं नाव वाचून हसली. पुढं वाचलं आणि थांबली.

"काकू, हे चुकलंय. माझे पप्पा कडुबा हायेत."

"या घरात आहेस ना, म्हणून असं लिहायचं," दमयंतीबाई म्हणाल्या आणि तिच्या भातावर जास्तीचं तूप वाढलं.

त्या दिवसापासून अपेक्षानं जेवताना नाव म्हणायचं बंद केलं. ते सगळ्यांआधी माझ्या लक्षात आलं. पण ताटलीचं कोण ऐकतं?

पुढं सरूबाईंना बरं वाटू लागलं, तशा संध्याताई त्यांना लेकीला भेटवायला घरी घेऊन आल्या. अपेक्षानं हट्टानं माझ्यात शिरा वाढून आईसमोर ठेवला. सरूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी काठावरून बोट फिरवत वाचलं. मग हातातला घास परत ठेवला.

"ताई, तुम्ही माझ्या लेकराला लई जपलं," त्या म्हणाल्या. "पण तिच्या बापानं मागं काय ठेवलं? घर नाय, रान नाय. येवढं एक नाव हाय. ते तरी ऱ्हाऊ द्या."

दमयंतीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. श्रीधररावांनी घाबरत विचारलं, "संध्याताई, तिला आजच नेणार का?"

"नाही. पण चूक तुमच्या हातची आहे, ती तुम्हीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी श्रीधरराव अपेक्षाला आणि मला घेऊन दुकानात गेले. नाव घालणारा म्हणाला, "काका, स्टील हाय हे, पाटी नाय. पुसलं जात नसतं. खोडून देतो." 'श्रीधर सेलूकर'वर आडव्या रेघा ओढल्या गेल्या. मला फार दुखलं, आणि श्रीधरराव रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग उरलेल्या चिंचोळ्या जागेत 'कडुबा गायके' बसवलं. अक्षरं अपेक्षानं स्वतः सांगितली.

त्या दिवशी जेवताना ती हळूच म्हणाली, "अपेक्षा कडुबा गायके, मुकुंदवाडी."

दमयंतीबाई ओट्याकडे तोंड करून रडत होत्या. तशाच म्हणाल्या, "परत म्हण, बाळा. बाबांचं नाव जरा मोठ्यानं."

चार महिन्यांनी सरूबाई पूर्ण बऱ्या झाल्या आणि अपेक्षाला घरी पाठवण्याचा आदेश निघाला. दमयंतीबाईंनी तिची बॅग भरली, मला सगळ्यात वर ठेवलं. अपेक्षानं मला बाहेर काढलं. "ही हितंच ऱ्हाऊ दे काकू. मी आल्यावर कशात जेवू?"

ती दोनदा आली. मग सरूबाईंना जालन्याला काम मिळालं आणि त्या मायलेकी तिकडेच गेल्या. याला दोन वर्षं झाली. दमयंतीबाई मला रोज पुसतात, पण माझ्यात काही वाढत नाहीत. दुधावर झाकण ठेवायलासुद्धा घेत नाहीत. मित्रांनो, मला ते झाकण होणंसुद्धा आता बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात संध्याताईंचा फोन आला. संस्कृती नावाची चार वर्षांची मुलगी आहे, काही महिन्यांसाठी घर हवंय.

"नाही हो, आता नाही जमायचं," दमयंतीबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी जमेल म्हटलं, ते काय असतं ते न कळता म्हटलं होतं."

फोन ठेवून त्या माझ्यापाशी आल्या. मला हातात घेतलं. खोडलेल्या रेघांवरून, मग कडुबाच्या नावावरून बोट फिरवलं. मला जागेवर ठेवलं आणि स्वतःच फोन लावला.

"संध्याताई," त्या म्हणाल्या, "त्या लेकराच्या वडिलांचं नाव काय आहे?"

संस्कृती उद्या येणार आहे. तिच्यासाठी नवी ताटली आणलीय, ती माझ्या शेजारीच ठेवलीय. कोरी आहे. पिशवीतून काढताना दमयंतीबाई श्रीधररावांना म्हणाल्या, "नाव ती येऊन सांगेल, मग घालू."

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं कुणी थोड्या दिवसांसाठी आलं, तर त्याला आपलं नाव द्यायची घाई करू नका. त्याचं पूर्ण नाव विचारा आणि ते सांगेपर्यंत थांबा. आणि कधी आमच्या घरी आलात, तर माझ्यासाठी एवढंच करा, माझ्यात दुसऱ्या कुणाला वाढू नका. मी अपेक्षाची आहे. मला पुसून जागेवरच ठेवा. ती कधी आली, तर माझी ताटली कुठं गेली, असं तिला विचारावं लागू नये.