तनू, सांग त्यांना

माझी मुलगी काय काम करते, हे मला लोकांना धड सांगता येत नाही. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर मास्तरीण आहे, बँकेत आहे, असं काहीतरी चटकन सांगता यायला हवं. तनुजा गेममधल्या माणसांची बोलणी लिहिते. सिडकोच्या बागेत मी हे एकदा सांगून बघितलं, तर आमच्या कट्ट्यावरचा कडुबा म्हणाला, "म्हंजी त्यांना आपापलं बोलता येत नाय का?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

तिची कंपनी पुण्याची, काम मात्र घरून चालतं. त्यांच्या गेममध्ये मारामारी कमी आणि गप्पा जास्त. आपण एक मुशाफिर व्हायचं, जुन्या काळच्या गावांतून हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. समोरचा काही बोलला की खाली आपल्यासाठी दोन-तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं आणि पुढं जायचं. तनुजानं मला आधी दुसऱ्यांचे असले गेम खेळायला लावले, अंदाज यावा म्हणून. माझं मत तिला आवडलं नाही. राजा आणि लोहार एकाच तोंडानं बोलतात. ओळख ना पाळख, माणूस भेटल्याबरोबर स्वतःची सगळी कर्मकहाणी सांगतो आणि वर म्हणतो, जंगलातून चार लांडगे मारून आण. परत जाऊन बोललं तर तेच वाक्य पुन्हा. आमच्या पिशोरच्या बाजारात असा माणूस निघाला असता तर लोकांनी त्याला धरून दवाखान्यात नेला असता.

"मग आप्पा, माझं वाचून बघा की," ती एके दिवशी म्हणाली. "मी त्यात आईला घेतलंय."

माझी बायको लीला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. कारण एक गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. लीलाची सगळी वाक्यं मला पाठ झाली होती. सकाळी आंघोळीला जाताना, भाजी आणताना, मी ती मनात फिरवत असायचो, आणि फिरवून फिरवून ती गुळगुळीत झाली होती. मला तिचं एक नवं वाक्य हवं होतं. एकच. आधी न ऐकलेलं. मेलेल्या माणसाकडून ते मिळत नाही, हे मला कळतं. पण इथं माझी मुलगीच वाक्यं लिहायला बसली होती.

शेवटी एके दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर तनुजानं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. गेमनं आधी माझं नाव विचारलं. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, रामकिसन. मग गोदावरीचा काठ आला, होडी आली, आणि धक्क्याजवळ एक खानावळ. चुलीपुढं एक बाई बसलेली. नाव वच्छलाबाई होतं, पण डोक्यावरचा पदर आणि तो कानामागं खोचायची तऱ्हा लीलाची. कोरडे हातसुद्धा पदराला पुसायची, तेही तिचंच. आवाज अजून भरलेला नव्हता, नुसती अक्षरं खाली उमटत होती. मी ती वाचली.

"या रामकिसन, बसा. प्रवासानं थकला असाल. तुमच्यासारखी माणसं आली की माझ्या मनाला लई आनंद होतो."

मी लॅपटॉप मिटला.

"काय झालं?" तनुजा म्हणाली.

"ही तुझी माय नाय."

"आप्पा, तुम्ही एकच वाक्य वाचलंय."

"त्यात तिनं माझं नाव घेतलं. तिनं जन्मात कधी माझं नाव घेतलंय का? लग्नातला उखाणा सोडून? आन् मनाला आनंद होतो, असं कधी बोलली ती? आनंद झाला की भांडी आपटायची."

"खेळणाऱ्याला आपलं नाव आलेलं आवडतं. कंपनीचा नियमच आहे तो."

"मग कंपनीच्या मायला बसव चुलीपुढं. लीलाचा पदर काढ तिच्यावरचा."

हे जरा जास्त झालं. तनुजाचे डोळे भरले. शुक्रवारी तिला वच्छलाबाई कंपनीकडं पाठवायची होती आणि इतके दिवस ती तीच घेऊन बसली होती. पण मी तरी काय करू? इतके दिवस भुकेल्या माणसासारखा वाट बघितली, आणि पानात भलतंच पडलं.

थोड्या वेळानं तिनं चहा आणला. लीलासारखाच, साखर जास्त घातलेला. शेजारी बसली आणि विचारलं, "नाव घेत नव्हती, मग हाक कशी मारायची? मला नीट आठवंना झालंय."

"तुला नाय आठवत? तुझ्याच तर जिवावर चाललं होतं सगळं."

आमच्यात सासूसमोर नवऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. माझी आई गेली, पण रीत लीलाच्या जिभेवर राहिली. तनुजा झाल्यावर तिला चांगला मार्गच सापडला. मी समोर हातभर अंतरावर बसलेलो असायचो, तरी ती म्हणायची, "तनू, सांग त्यांना, भाकर निवतीय." "तनू, सांग त्यांना, डबा भरलाय." "तनू, सांग त्यांना, बस चुकंल." वाळूजची शिफ्टची बस कोपऱ्यावर यायची, आणि लीलाचा सगळा संसार त्या बसच्या मागं धावत असायचा. मीही तसाच. "तनू, सांग तिला, आलो." भांडायचं असलं की मात्र बाई थेट माझ्याशी बोलायची, तिथं मध्यस्थ लागत नव्हता.

तनुजा हसली. मग हसायची थांबली.

"आप्पा, मी तर बारावीनंतर पुण्यालाच गेले. मग कुणाला सांगायची?"

"तुलाच."

"म्हणजे?"

"तुलाच की. तू नसलीस म्हणून काय झालं? चुलीकडं तोंड करून म्हणायची, तनू, सांग त्यांना. पहिल्यांदा मला वाटलं, बाई इसरली. मग कळलं, इसरत बिसरत काय नाय. अखेरपर्यंत तसंच. दवाखान्यातसुद्धा म्हणली, तनू, सांग त्यांना, घरी जाऊन पडा म्हणावं. तू तवा रस्त्यात होतीस."

तनुजानं कप खाली ठेवला. तिच्या आईनं तिला फोनवर कधी तुझी आठवण येते असं म्हटलेलं नव्हतं. जेवलीस का, एवढंच. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडू दिलं मी तिला. मलाही बाहेर तेच काम होतं.

मग दोन-तीन दिवस ती नुसती लिहीत होती. फोनवर कंपनीतल्या कुणाशी तरी नावावरून वादही घालत होती. "नाही येणार नाव," असं तिनं ठणकावून सांगितलेलं मी ऐकलं.

शुक्रवारी सकाळी तिनं मला परत लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः बाजूला खुर्ची ओढली.

तोच काठ, तीच खानावळ. मी आत शिरलो. वच्छलाबाईनं वळून बघितलं नाही. चुलीकडं तोंड करून, घरात नसलेल्या मुलीला ती म्हणाली,

"तनू, सांग त्यांना, भाकर निवतीय."

आवाज नव्हता, तरी मला ऐकू आला. खाली माझ्यासाठी उत्तरं आली. एक, आलो. दोन, भूक नाही. तीन, काही न बोलता निघा. मला बोट हलवता येईना. बटण दाबून लीलाला उत्तर द्यायची सवय मला नव्हती.

"तनू," मी म्हणालो, "सांग तिला, आलो."

तनुजानं माझ्याकडं बघितलं. मग ती पडद्याकडं वळली आणि लहानपणी सांगायची तशी हेल काढून म्हणाली, "आई, आले गं आप्पा." आणि तिनंच पहिलं उत्तर दाबलं.

वच्छलाबाईनं पाट सरकवला. पुढ्यात ताट ठेवलं. बाहेर नदीवर होडीवाला ओरडत होता. मी सवयीनं घाईला लागलो, आता म्हणेल, होडी चुकंल म्हणून. तिनं कोरडे हात पदराला पुसले. अक्षरं सावकाश उमटली.

"तनू, सांग त्यांना, निवांत जेवा म्हणावं. आज कुठं जायचं नाय."

हे वाक्य लीला कधीच बोलली नव्हती. मी पुढचं बटण दाबलं नाही.