बिनकिल्लीचं पाणी

निर्मलाबाईंना शाळा मानवली नाही, असं त्या सांगत. खरं म्हणजे दुसरीत असताना त्यांनी मास्तरांना भर वर्गात टोकलं होतं आणि ते मास्तरांना मानवलं नाही. त्यानंतर त्या पाटीकडे वळल्या नाहीत आणि कोणाला टोकायच्याही राहिल्या नाहीत. ब्राह्मणपुरीच्या शिवारात त्यांचं आणि त्यांच्या दिराचं, नथ्थूचं, असं दोन घरांत मिळून एक बोअर. चार दिवस पाणी इकडे, चार दिवस तिकडे. नवरा गेल्यापासून पाण्याची ही बारी ठरवायची ती निर्मलाबाईंनी. ओट्यावर बसून त्या बोलत आणि तेवढ्या शब्दावर मोटार चालू-बंद होई.

नथ्थूच्या मुलाला, भूपेशला, ते खुपायचं. त्याची नवापूरला पोल्ट्री होती आणि फोनमध्ये कसले कसले कॉइन होते. कोंबड्यांपेक्षा त्या कॉइनांना तो जास्त दाणा घालतो, असं निर्मलाबाईंचं मत. होळीला तो घरी आला आणि सरळ ओट्यावरच बसला.

"मोठी माय, तुम्हांवर भरोसा नही अशी गोठ नही," तो म्हणाला. "पण सिस्टीम अशी पाहिजे का भरोसानी गरजच नको."

"भरोसानी गरज नही तं मंग लगीन कसाले करं? ममतासंगे बी करारच करी लेता!"

दाराआड उभी असलेली ममता, म्हणजे भूपेशची बायको, तोंडावर पदर घेऊन हसली. भूपेश हसला नाही. त्यानं निर्मलाबाईंच्या नातवाकडे मोर्चा वळवला. हेमराज पुण्यातल्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. वर्षभर तो घरूनच काम करत होता, माडीवर, कानाला डबे लावून.

"हेमराज, कॉइन जसा ब्लॉकचेनवर चालतो तशी आपली बारी चालव. एकदा लिहिलं की लिहिलं. मग तलाठी येऊ दे, नाहीतर मोठी माय."

"दोन घरांच्या पाण्याला ब्लॉकचेन म्हणजे उंदीर मारायला बंदूक, काका. साधा टायमर लावू."

"टायमर कोणाच्या हातात? तुझ्या. आणि तू नातू कोणाचा?"

हेमराजला ते लागलं, पण त्यानं आवाज चढवला नाही. "कधीच बदलता येत नाही ही गोष्ट पहिली चूक होईपर्यंतच चांगली वाटते. त्यानंतर ती चूकही कधी बदलता येत नाही. मी रोज हेच निस्तरतो, काका."

भूपेशनं ऐकलं नाही आणि निर्मलाबाईंनीही नातवाची बाजू घेतली नाही. आपल्यावर कोणी शंका घेतो म्हटल्यावर त्यांचं रक्त उसळत होतं. "कर रे पोऱ्या, जसं म्हनस तसं कर. देखू दे त्याले."

हेमराजनं केलं. बोअरजवळच्या खोपट्यात भिंतीवर बारीचे नियम सांभाळणारी एक डबी लागली. दोन्ही शेतांच्या पाइपांवर विजेचे व्हॉल्व्ह बसले. ज्याची बारी त्यानं सकाळी फोनवर बटण दाबायचं, की त्याचाच व्हॉल्व्ह उघडणार. आणखी एक अट भूपेशनं स्वतः घातली होती. बटण दाबलं नाही तर बारी दुसऱ्या घराकडे सरकणार, कारण पाणी वाया जायला नको.

"एक किल्ली माझ्याकडे राहील," हेमराज म्हणाला. "म्हणजे पासवर्डसारखीच. अडीअडचणीला नियम बदलायला लागते."

भूपेश हसला. "ठेवा ना. तुमच्याच घरात ठेवा."

निर्मलाबाई उठून उभ्या राहिल्या. "फेकी दे ती किल्ली."

"आजी, टाकली की परत मिळत नाही. मलासुद्धा."

"मी काय म्हनी ऱ्हायनी? उद्या गाव म्हनी, निर्मलाना घरमा किल्ली व्हती. चारचौघांसमोर फेक."

हेमराजनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग फोनवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "टाकली." भूपेशचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्या संध्याकाळी निर्मलाबाईंनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

डबीनं चांगलं काम केलं, हे त्यांना कबूल करावं लागलं. आळस नाही की कुरकुर नाही. घरात अशी एखादी सून मिळाली असती तर, असंही त्या एकदा म्हणाल्या.

वैशाखात नथ्थूची बायको, फुलवंताबाई, आजारी पडली. तिला सुरतेला नेलं, मागोमाग सगळं घर सुरतेला गेलं. त्या धावपळीत बटण कोण दाबणार? नथ्थूची अख्खी बारी चुकली आणि पाणी निर्मलाबाईंच्या केळीत आलं. ते संपलं की दुसऱ्या दिवसापासून निर्मलाबाईंची स्वतःची बारी लागणार होती. आणि ते संपलं त्याच दिवशी फुलवंताबाईंना गाडीतून परत आणलं ते चादरीत गुंडाळूनच.

दोघी जावा किती वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, ते गावाला ठाऊक होतं. एका लग्नात हळद आधी कोणी लावायची यावरून फाटलं होतं, ते पुन्हा शिवलं गेलं नाही. पण या पाण्याचा, बोअर यायच्या आधी तिथं विहीर होती तेव्हापासूनचा, एक कायदा होता. ज्या घरातून तिरडी निघाली त्या घराच्या शेताला पहिलं पाणी. ते द्यायचं दुसऱ्या घरानं, कारण दुःखाच्या घरानं दहाव्यापर्यंत बांधावर पाय ठेवायचा नाही की पाण्याला हात लावायचा नाही. निर्मलाबाईंचा नवरा गेला तेव्हा फुलवंताबाई गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून यांच्या उसाला पाणी देत होती. तेव्हाही ती एक शब्द बोलली नव्हती, पण पाणी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलाबाई हेमराजला घेऊन शेतात गेल्या. नथ्थूची पपई होळीच्या सुमाराला लावलेली, गुडघ्याएवढी. पानं खाली लोंबत होती. आणखी चार दिवस असेच गेले तर उपटून बांधावर टाकायचीच होती.

"नथ्थूनी बारी लाव."

"लागत नाही, आजी. आपली बारी आहे. डबी तेवढंच मानते. आपण बटण दाबलं नाही तर ती त्यांच्याकडे सरकेल, पण मग बटण त्यांनाच दाबावं लागेल, दुःखाच्या घरानं."

"तूच लिखं ना ते?"

"मीच लिहिलं. आणि किल्ली तुझ्या सांगण्यावरून टाकली."

निर्मलाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. दुसऱ्या कोणी हे ऐकवलं असतं तर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. "हां. मन्हीच जीभ," त्या म्हणाल्या. "आते काय करता येस ते सांग."

"डबी बाजूला काढतो आणि मोटार थेट जोडतो. नथ्थूबाबांचा व्हॉल्व्ह हातानं उघडू. अर्ध्या तासाचं काम."

"आणि दहाव्याला भूपेश काय म्हनी? मायनी राख थंडी व्हयनी नही तं मोठ्या मायनी डबी फोडी. चौघांत कबूल केलं ते मोडावाव नही."

"मग पपई जाऊ दे."

"पपई बी जाऊ देवाव नही."

हेमराज बांधावर उकिडवा बसला. आजीनं दोन उलट गोष्टी एकदम मागितल्या की त्या तिला मिळेपर्यंत घरात कोणाला जेवण मिळत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"ती डबी काय देखस?" त्यांनी विचारलं.

"बारी कोणाची आणि कोणाचा व्हॉल्व्ह उघडा, एवढंच."

"व्हॉल्व्हना पुढे पानी कुठे जास, ते?"

"ते तिला कळत नाही." हेमराज बांधाकडे आणि त्यापलीकडच्या पपईकडे पाहू लागला. "आपल्या लाइनच्या टोकाचं बूच काढून पाइप जोडला तर पाणी त्यांच्या लाइनमध्ये नेता येईल. नियम मोडत नाही. पण आजी, दोन्हीकडे प्रेशर पुरणार नाही. आपल्या केळीचे सगळे कॉक बंद करावे लागतील. चारही दिवस."

केळी ऐन निसवणीत होती. बुंध्यातून घड बाहेर पडत होते. शहाद्याचा व्यापारी गेल्याच आठवड्यात गाडी थांबवून बाग पाहून गेला होता आणि निर्मलाबाईंनी त्याला मुद्दाम दुसऱ्यांदा चहा पाजला होता, म्हणजे तो आणखी थोडं पाहील. या उन्हात चार दिवस कोरडे गेले तर घड बारीक पडणार आणि पानं करपणार. हे त्यांना हेमराजनं सांगायची गरज नव्हती.

त्या पहिल्या कॉकजवळ गेल्या, वाकल्या आणि तो फिरवला. मग दुसरा.

"आजी, मी करतो."

"तू पाइप आन."

लाइट आली. हेमराजनं फोन पुढे केला, निर्मलाबाईंनी बारीचं बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं. पाणी आलं आणि पहिला जोड फाटकन सुटून त्या नखशिखांत भिजल्या. त्यांनी पाइपाला, पाइप विकणाऱ्याला आणि त्याच्या मामाला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा हेमराजनं सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून जोडावर आवळली. पाइप फुगला, थरथरला आणि बांधावरून पलीकडे पाणी वाहू लागलं.

दुपार व्हायच्या आत भूपेश तणतणत आला. घरात बसल्या बसल्या त्यानं फोनवर पाहिलं होतं, मोठ्या मायचा व्हॉल्व्ह सकाळपासून उघडा. "मोठी माय! आज तरी आमच्या घराकडे पाहायचं होतं," तो लांबूनच ओरडला. "कायदा तुम्हीच सांगत होत्या ना? आज तरी—"

तेवढ्यात त्याला पाइप दिसला. मग आपली पपई दिसली, बुंध्याशी ओली झालेली. मग केळीचे बंद कॉक.

तो पुढे येऊ लागला तशा निर्मलाबाई कडाडल्या, "बांधवर पाय ठिऊ नको! दहावं व्हयनं का तुन्हा मायनं?"

भूपेश तिथंच थबकला. उन्हातच उभा राहिला. मग म्हणाला, "डबी काढी टाकती तं चालतं ना, मोठी माय."

"तुन्ही डबी शाबूत शे. फोनमा देख." मग आवाज जरा खाली आणून, "भूपेश, जेवना का काही?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"घर जाय आणि जेव. आणि ऐक. दहावं झालं की हा हेमराज नवं लिखी. त्यामा किल्ली ऱ्हाई. बिनकिल्लीनं आते बस व्हयनं."

"किल्ली तुमच्याकडे?" भूपेशनं विचारलं, पण या वेळी त्यात काटा नव्हता.

"दोन करता येतात," हेमराज म्हणाला. "दोन घरांत एकेक. दोन्ही एकदम लागल्याशिवाय नियम बदलत नाही. होळीलाच सांगणार होतो."

"मंग सांगं का नही?"

"तू बोलू देशील तेव्हा ना, आजी."

निर्मलाबाईंनी ते ऐकून घेतलं. "एक आम्हांजोडे. एक ममताजोडे."

"ममताजोडे? मन्हाजोडे का नही?"

"तू नवापूरले कोंबड्यांमा ऱ्हास. इथं तिरडी उठी तं तू काय फोनवर रडशी? ममता इथं ऱ्हास. ती मन्हासंगे भांडण बी करी आणि किल्ली बी लावी."

भूपेश मागे फिरला. जाताना तो दोनदा वळून पाहत होता, पपईकडे की मोठ्या मायकडे, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट यायच्या आधीच निर्मलाबाई बांधावर होत्या. जोड तपासला, पट्टी आणखी आवळून घेतली. मागे केळीची दोन-चार पानं कडेनं पिवळी पडली होती, एका घडाची मान वाकली होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि रात्रीत कोणता कॉक सैल तर झाला नाही ना, म्हणून पहिल्यापासून एकेक पुन्हा घट्ट करत निघाल्या.