महिन्यातून एकदाच

जुगारी माणसांची शंतनूला मनापासून कीव यायची. स्वतः तो जुगारी नव्हताच, निदान त्याच्या मते. तो ब्लॅकजॅक खेळायचा, पण नशिबावर हवाला ठेवून नाही. वाटून झालेले पत्ते मनात मोजत राहायचं, मोठे पत्ते शिल्लक आहेत असं दिसलं की जास्त पैसे लावायचे, नाहीतर हात आखडता घ्यायचा. यात बेकायदा काही नाही. फक्त असा माणूस ओळखू आला की कसिनोवाले गोड बोलून त्याला दार दाखवतात. म्हणून या विद्येत पहिला नियम असा, की एका कसिनोत महिन्यातून एकदाच जायचं आणि कुणाच्या लक्षात राहण्याआधी उठायचं. रोज जातो तो गिऱ्हाईक आणि क्वचित जातो तो खेळाडू, असं शंतनू स्वतःला बजावायचा. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण त्याच्या बायकोला, आश्लेषाला, यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

नियम छानच होता. अडचण एवढीच, की शंतनू तो पाळत नव्हता. डेट्रॉइटमधल्या एका कसिनोतलं कोपऱ्यातलं टेबल त्याला फार आवडलं होतं, आणि तो राहायचा त्या ट्रॉय गावाहून ते लांबही नव्हतं. बुधवारी घरी सांगायचं, ऑफिसला जातो. ऑफिसला सांगायचं, घरून काम करतो. महिन्यातून एकदाचं पंधरवड्यातून एकदा झालं आणि मग कधी दर बुधवार झाला, ते या हिशेबी माणसाला कळलंही नाही. कुठलंही गणित त्याला इतक्या वेळा जा म्हणून सांगत नव्हतं. त्याला तिथे बसायला आवडायचं, बस्स. टोपी बदलली की काम झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. टेबलावर सगळ्यांसाठी तो सॅम होता, टोलेडो शहरातून आलेला.

त्या बुधवारी पत्ते त्याच्या बाजूने झुकले होते. त्याने नुकतेच जास्त पैसे लावले होते आणि सुटातला मॅनेजर मघापासून त्याच्या पाठीशी येऊन उभा होता. शंतनूने चेहरा कोरा ठेवला होता. नेमक्या त्याच वेळी मागून हाक आली.

“अरे शंतनू! जेवलास का रे?”

संजीवकाका! ट्रॉयमधल्या निम्म्या मराठी मंडळींनी अमेरिकेतला पहिला वरणभात या माणसाच्या घरी खाल्ला असेल. पेशाने हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. शंतनू नोकरीला आला तेव्हा काकाच त्याला एअरपोर्टवर घ्यायला गेले होते. पहिला सगळा हिवाळा तो त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिला होता, बर्फात गाडी चालवायला त्यांच्याकडूनच शिकला होता. आता ते सिनियर सेंटरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्राच्या, बसने मित्रांबरोबर इथे जेवायला आले होते, आणि एक मित्र न आल्यामुळे उरलेलं जेवणाचं कूपन त्याच्यापुढे धरून उभे होते.

मॅनेजर बघत होता. पत्ते वाटणारी डीलरही थांबली होती.

“सॉरी सर,” शंतनू म्हणाला, तोही पक्क्या अमेरिकन उच्चारात. “यू हॅव द राँग पर्सन.”

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “आय बेग युअर पार्डन.” इतक्या वर्षांत ते शंतनूशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले होते.

ते हळूहळू निघून गेले. मॅनेजरही दुसरीकडे वळला आणि शंतनूला सुटल्यासारखं वाटलं. पुढे त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती या सुटल्यासारखं वाटण्याची.

आठवडाभरात आश्लेषाला काकांच्या घरून शोभनाकाकूंचा फोन आला. फोन ठेवून ती शंतनूकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“काकांचं काही खरं नाही रे. त्यांनी ड्रायव्हिंग बंद केलंय, किल्ल्या मुलाला देऊन टाकल्या. मराठी मंडळालाही कळवलं, की इतकी वर्षं गणपतीची पूजा मी सांगितली, यंदा सांगणार नाही, मध्येच मंत्र विसरलो तर? त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं ना, माणसं ओळखेनाशी झाली आणि मग सगळंच गेलं. काकांनी म्हणे कुणा परक्या माणसाला तू समजून हाक मारली. आणि कुठे माहितेय? कसिनोत!” ती रडता रडता हसली. “तू आणि कसिनो! म्हणजे बघ ना.”

शंतनूने मान डोलावली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी ते भेटायला गेले. दार काकांनीच उघडलं आणि क्षणभर उंबऱ्यातच थांबून विचारलं, “शंतनूच ना?” आश्लेषाला तो विनोद वाटला. शंतनूला काकांच्या डोळ्यांतली भीती दिसली.

चहाचा कप हातात घेऊनच काका बेसमेंटमध्ये गेले. पूजेची ताम्हनं, पळ्या, समया दुसऱ्या कुणाच्या तरी स्वाधीन करायच्या होत्या. शंतनू मदतीच्या निमित्ताने आपला कप घेऊन मागोमाग उतरला. काका एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळत होते. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे त्याला कळत होतं.

“काका, तो मीच होतो.”

“कोण?”

“कसिनोमधला. मी घाबरलो आणि तुम्हाला ओळख दिली नाही. माफ करा मला.”

काकांच्या हातातलं काम थांबलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की शंतनूला तो बघवेना. रागाचं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण लाजलेल्या माणसाला आपली लाज जरा लहान करून दाखवायची खोड असते.

“ऑफिसच्या लोकांबरोबर गेलो होतो,” तो म्हणाला. “त्या दिवशी एकदाच.”

काकांचा चेहरा पुन्हा उतरला.

“एकदाच? मग त्याआधीचा कोण होता?”

“त्याआधीचा?”

“मी तुला तिथे पुष्कळदा पाहिलंय रे. बस बुधवारीच असते. तू आपला कोपऱ्यात टोपी घालून बसलेला. हाक मारली नाही, म्हटलं पोरगा ओशाळेल. त्या दिवशी कूपन उरलं, तुझं तोंडही सुकलेलं दिसलं, म्हणून राहवलं नाही.” ते हातातल्या ताम्हनाकडे बघत राहिले. “म्हणजे तो तू नव्हतास. तेवढा एक दिवस तू होतास आणि बाकीचे सगळे मला भास झाले. हे तर जास्तच वाईट म्हणायचं.”

जिन्यावर पावलं वाजली. आश्लेषा चहाचे कप न्यायला खाली आली होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि दोघांकडे पाहू लागली.

शंतनूने तिच्याकडे पाहिलं. अजूनही गप्प बसता आलं असतं. काकांना चांगला न्यूरॉलॉजिस्ट शोधून देता आला असता, अपॉइंटमेंटला गाडीने नेता आलं असतं, आणि सगळ्यांनी त्याला गुणी म्हटलं असतं.

“भास नाही झाला काका,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “तेही मीच होतो. दर बुधवारी जातो मी. घरी ऑफिसचं सांगून जातो. एकही बुधवार चुकवत नाही.”

“दर बुधवारी?” काकांनी विचारलं.

“दर बुधवारी.”

काका मटकन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मग उठून त्यांनी शंतनूचे दोन्ही हात घट्ट धरले. “देवासारखा येऊन सांगितलंस रे बाळा. थँक यू. थँक यू हं.” ते त्याचे हात सोडेचनात. त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं शंतनूला वाटलं. हे आभार त्याला सहन होत नव्हते.

“काय झालं हो?” वरून काकूंचा घाबरलेला आवाज आला. “कोण रडतंय?”

काका अजून हुंदके देत होते. शंतनूची मान वर होत नव्हती.

“काही नाही काकू,” आश्लेषा म्हणाली. “काकांचं बरोबर होतं. चूक माझी झाली, मीच ओळखलं नाही.” आणि कप न घेताच ती जिना चढून वर गेली.