माझ्या रंगाचा एक फोटो

"सहा महिन्यांत नुसती गुलाबी रेघ उरते," म्हणत डॉक्टरांनी फोटोंचा अल्बम पुढे सरकवला.

व्हर्डेलने पानं उलटली. शस्त्रक्रियेनं छाती कमी करून घेतलेल्या बायका, एकजात गोऱ्या. इथं मेकनमध्ये निम्मं गाव काळं, आणि या अल्बममध्ये औषधालासुद्धा एक काळी बाई नव्हती!

"माझं काय गुलाबी होणार, डॉक्टर?"

शेजारी बसलेल्या लव्हीमावशीने तिला कोपरानं ढोसलं. "चल गं बाई घरी. देवानं दिलंय तसं राहू दे."

व्हर्डेलने केस मागे सारून कान दाखवला. पाळीमागे बोराएवढी टणक, चकचकीत गाठ. लहानपणी मावशीनेच तिला स्वयंपाकघरात बसवून, बर्फ लावून, सुईदोऱ्यानं कान टोचले होते. तेव्हा घरोघरी तसंच टोचायचे. बाकी पोरींच्या कानांची जखम भरली, हिचा व्रण वाढतच गेला. त्यानंतर मावशीने कुणाचा कान टोचला नाही.

"एका सुईनं हे झालंय. तुम्ही तर सुरी चालवणार."

डॉक्टरांनी अल्बम मिटला. सुटलो बुवा, असं हसले. "मग व्हर्डेल, तुमच्यासारख्यांनी न केलेलंच बरं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या आईलाही गोऱ्यांनी जन्मभर अशीच नुसत्या नावानं हाक मारली होती.

"मिसेस प्रुइट म्हणायचं. आणि नको कोण म्हणालं? हे ओझं घेऊन शाळेची बस चालवून पाठीचा पार भुगा झालाय माझ्या. मला करायचंच आहे! पण असल्या कातडीवर तुम्ही आधी हात चालवलाय का, व्रण वाढला तर काय करणार, ते सांगा. येत नसेल तर ज्याला येतं त्याचं नाव द्या. तोवर मी इथून हलत नाही."

डॉक्टर लालबुंद झाले. "विचारून येतो," म्हणत बाहेर गेले.

"शोभतं का हे?" मावशी कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. "तो कान बघितला की जीव तुटतो गं माझा. अंगावर आणखी डाग कशाला घेतेस?"

"आणखी?" व्हर्डेलने ब्लाउजचा गळा खांद्यावरून खाली ओढला. ब्राच्या पट्ट्यानं खांद्यात खोल चर पडला होता. तिथली कातडी राठ, काळीठिक्कर. "हा बघ. हा पडताना मला कुणी विचारलं होतं? आता जो पडेल तो मी स्वतः पाडून घेईन."

मावशीने तो चर नीट बघितला. मग तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली, पिना काढून डोक्यावरची टोपी उतरवली आणि खुर्चीत ऐसपैस टेकून बसली.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली.